कार्यक्रम मोठे नकोत, नेमाचे हवेत : लहान ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

लहान सार्वजनिक ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल उघडला की ‘वर्षभरातील कार्यक्रम’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा तेच ते वाचायला मिळतं. वर्धापनदिनाचं व्याख्यान, एखादं पुस्तक प्रकाशन, गुणवंतांचा सत्कार, मुलांची निबंध नाहीतर वक्तृत्व स्पर्धा, ग्रंथप्रदर्शनाचं उद्घाटन. सोबत व्यासपीठावरच्या मंडळींचे फोटो. यातल्या प्रत्येक कार्यक्रमामागे कुणीतरी राबलेलं असतं हे मला ठाऊक आहे. मी स्वतः अशा कार्यक्रमांना सतरंज्या अंथरल्या आहेत, खुर्च्या मोजून घेतल्या आहेत, पाहुण्यांची वेळ जुळवताना होणारी दमछाक जवळून पाहिली आहे. तरीही तुम्हाला एक विनंती करायची आहे आणि ती आधीच सांगून टाकते. यातले निम्मे मोठे कार्यक्रम बंद करा. त्यांच्या जागी एक-दोन छोटे उपक्रम धरा, आणि ते दर आठवड्याला, ठरल्या वारी, ठरल्या वेळी होऊ द्या. चार माणसं आली तरी होऊ द्या.

मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी ग्रंथालयाच्या दारावर एक पाटी हमखास लागते : ‘कार्यक्रमानिमित्त आज देवघेव बंद राहील.’ ही पाटी मला फार बोचते. ज्या दिवशी एरवी कधीही न येणारी शंभर माणसं आपल्या दारात येतात, नेमक्या त्याच दिवशी आपण पुस्तक द्यायचं थांबवतो. टेबल आत ढकललेलं असतं, कपाटांना कुलूप असतं, नव्या पुस्तकांच्या मांडणीसमोर फलक टांगलेला असतो. व्याख्यान ऐकून भारावलेल्या माणसाला त्या विषयावरचं पुस्तक तिथल्या तिथे हवं असतं. तो घरी जातो, आठवडा जातो, ओढ विरून जाते. वक्ते उत्तम बोलले, टाळ्या भरपूर पडल्या, पण ग्रंथालयाच्या हाती काय लागलं?

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाटीवर रंगवलेले हे नियम अनेक ग्रंथालयांत दिसतात. पण पहिल्या नियमाची फोड करताना रंगनाथन कशाकशाबद्दल बोलतात ते पाहण्यासारखं आहे. ग्रंथालय कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, फर्निचर कसं असावं, तिथली माणसं कशी असावीत. म्हणजे ज्यांनी अख्खी वर्गीकरण पद्धत उभी केली, त्या माणसाला सगळ्यात आधी दाराची वेळ आणि कपाटाची उंची महत्त्वाची वाटली. उपक्रमांचा विचारही तिथूनच सुरू व्हायला हवा. ज्या उपक्रमातून माणसाचा हात पुस्तकापर्यंत पोचतो तो ग्रंथालयाचा उपक्रम. बाकीचे कार्यक्रम कुठल्याही सभागृहात होऊ शकतात आणि तिथे ते जास्त चांगले होतात.

मी गोष्टींचा तास घेते. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लहान ग्रंथालयाला जमेल असा, अगदी थोड्या साहित्यात होणारा आणि सर्वांत जास्त फळ देणारा उपक्रम हाच आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

‘तास’ म्हणायचं, पण अजून शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी अर्धा तास पुष्कळ होतो. सुरुवात दर वेळी त्याच गाण्याने करायची. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. ते गाणं सुरू झालं की आता बसायचं आहे हे त्यांना न सांगता कळतं. पुस्तक छातीशी न धरता खांद्याच्या बाजूला, चित्रं मुलांकडे करून धरायचं आणि पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे आपला हात चित्राच्या आड येत नाही. गोष्ट वाचताना थांबायचं. ‘आता हा कुठे गेला असेल?’ असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबायचं. गप्प राहणं मोठ्यांना जड जातं, पण मुलं नेमकी त्या थांबण्यात बोलायला लागतात.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक त्यात होते. एका गटातल्या पालकांना चित्रांची पुस्तकं वाचताना मोकळे प्रश्न विचारायला, मूल जे बोललं त्यात दोन शब्दांची भर घालून ते परत म्हणायला शिकवलं. दुसऱ्या गटातले पालक नेहमीसारखंच वाचून दाखवत राहिले. महिनाभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली. दोन्ही गटांतल्या घरांत पुस्तकं होती, दोन्हीकडे वाचन होत होतं. फरक वाचताना मुलाशी बोलण्याचा होता. ही रीत पालकांनी कुणाला तरी करताना पाहिली की आपोआप उचलली जाते. म्हणून मुलांना सोडून पालकांनी बाहेर जायचं नाही, मागे बसायचं, हा आमच्याकडचा एकच कडक नियम आहे. गोष्टींचा तास मुलांचा असतो तितकाच तो मागे बसलेल्या आईचा, बाबांचा, आजीचाही असतो.

आणि देवघेव उघडी ठेवायची. त्या दिवशी वाचलेलं पुस्तक आणि त्याच्या जवळपासची पंधरा-वीस पुस्तकं सतरंजीच्या कडेला, मुखपृष्ठं वर करून मांडून ठेवायची. कपाटात कणा बाहेर करून ठेवलेलं पुस्तक लहान मुलाला पुस्तक वाटतच नाही. गोष्ट संपली की मुलं त्या पुस्तकांवर झडप घालतात. पुस्तक नावावर लिहून घ्यायला टेबलाशी उभं राहताना मूल जसं ताठ उभं राहतं ते एकदा येऊन बघाच. आपलं नाव वहीत लिहिलं जातंय, आपल्याला कुणीतरी पुस्तक विश्वासाने देतंय, ही त्याच्या आयुष्यातली बहुधा पहिली सार्वजनिक नोंद असते.

यावर तुमच्यातल्या काहींचा आक्षेप मला पाठ आहे. जागा कुठे आहे? एकच खोली, त्यात सकाळी वर्तमानपत्र वाचणारी ज्येष्ठ मंडळी, दिवसभर अभ्यासाला बसणारी मुलं, मधे देवघेवीचं टेबल आणि वर ‘शांतता राखा’ची पाटी. या आक्षेपात तथ्य आहे. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या कानाशी बडबडगीतं सुरू झाली तर तो वैतागणारच, आणि त्याचा हक्क कुठल्याही मुलाइतकाच आहे. पण मोठ्या ग्रंथालयांत जे खोल्यांनी वाटलेलं असतं ते लहान ग्रंथालयाला वेळेने वाटता येतं. आठवड्यातला एक तास बोलता-गाता येईल असा, बाकीचे शांततेचे. तो तास महिनोन्महिने बदलायचा नाही, दारावर ठळक लिहायचा, अभ्यासाला येणाऱ्यांना आधी सांगायचा. लोक आवाजाला कंटाळत नाहीत, अवचित येणाऱ्या आवाजाला कंटाळतात. माझा अनुभव असा की वेळ पक्की झाली की अभ्यासातली मुलं त्या तासाला स्वतःहून पाय मोकळे करायला बाहेर पडतात, आणि त्यातली दोघं-तिघं थांबून गोष्ट वाचून दाखवायलाही तयार होतात.

जागेचाच विषय निघाला आहे तर निर्लेखनाचंही बोलून घेते. कुणी वर्षानुवर्षं हात न लावलेले, कसर लागलेले, माहिती कालबाह्य झालेले ग्रंथ रीतसर काढून टाकायला मंडळं कचरतात. नोंदवहीतला आकडा कमी होईल, कुणीतरी बोट दाखवेल, ही भीती. पण वाढती संस्था म्हणजे नुसती फुगत जाणारी संस्था नव्हे. दोन कपाटं मोकळी झाली तर सतरंजी अंथरण्यापुरती जमीन मिळते. नियमाप्रमाणे यादी करा, मंडळात ठराव करा, दुर्मीळ ग्रंथ जाणकाराकडून वेगळे काढून घ्या आणि बाकीच्यांना निरोप द्या.

आता देवघेवीच्या टेबलाकडे येते, कारण सेवा म्हणजे काय हे तिथे रोज दिसतं. आपल्या ग्रंथपालांना दिवसभरात पुस्तकांखेरीज काय काय विचारलं जातं याची कुणी नोंद ठेवली आहे का? एक माणूस मोबाइल पुढे करून उभा असतो. अर्ज भरायचा असतो, फोटोची मर्यादा २० ते ५० केबी असते आणि त्याचा फोटो दोन एमबीचा असतो. फोटो लहान कसा करायचा हे त्याला माहीत नाही. अंतिम तारीख उद्याची आहे. त्याच्या मागे दोन सभासद पुस्तकं बदलायला थांबले आहेत. ग्रंथपाल पुस्तकांच्या नोंदी थांबवून त्याचा फोटो लहान करून देतात, आणि मग तो म्हणतो, ‘पासवर्ड पण तुम्हीच टाका ना.’

हे काम ग्रंथालयाचं नाही असं म्हणणारे सदस्य मला भेटले आहेत. माझ्या मते हे पूर्णपणे ग्रंथालयाचंच काम आहे. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनामा पहिल्यांदा १९४९ साली आला, १९७२ आणि १९९४ मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा. या ताज्या मसुद्यात डिजिटल साधनं वापरता येण्याचं आणि माहिती पारखून घेण्याचं शिक्षण ही ग्रंथालयाची जबाबदारी मानली आहे. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याला योजनाही मिळत नाही, परीक्षाही देता येत नाही. रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. या माणसाचा तर अख्खा दिवस आणि मजुरी वाचते.

फक्त हे काम रांगेच्या मधे, ओशाळत, उपकार केल्यासारखं होऊ नये. त्यालाही वार आणि वेळ द्या. आठवड्यातून दोन तास ‘अर्ज-मदत’. मोबाइल सराईतपणे वापरणारी अभ्यासिकेतली मुलं यासाठी आनंदाने बसतात. त्यांना दोन गोष्टी मात्र आधी नीट समजावून सांगा. पहिली, दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओटीपी आपण कधीही टाकायचा नाही. माणसाच्या हातात मोबाइल द्यायचा आणि आपण मान वळवायची. दुसरी, ग्रंथालयाच्या संगणकावर कुणाची कागदपत्रं राहू द्यायची नाहीत, काम संपलं की त्याच्यासमोर फाइल पुसायची आणि खात्यातून बाहेर पडल्याची खात्री करायची. कोण कुठलं पुस्तक नेतं हे आपण जसं चारचौघांत बोलत नाही, तसंच कुणी कशासाठी अर्ज केला हेही बोलायचं नाही. विश्वास गेला की माणूस परत येत नाही आणि का येत नाही ते सांगतही नाही.

जी माणसं दारापर्यंत येऊच शकत नाहीत त्यांचा विचार आपण सर्वांत कमी करतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन इथे मेरी टिटकॉम्ब नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांनी आधी दुकानांत आणि टपाल कचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तरीही दूरच्या शेतांवरची माणसं राहून जातात हे लक्षात आल्यावर १९०५ साली त्यांनी कपाटं बसवलेली घोडागाडी रस्त्यावर काढली. ती गाडी चालवायला ग्रंथालयाची देखभाल करणाराच माणूस होता, कारण त्याला ते रस्ते आणि ती माणसं माहीत होती. १९१० मध्ये त्या गाडीला आगगाडीची धडक बसली आणि तिचा चक्काचूर झाला. १९१२ मध्ये मोटार आली आणि फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, त्यात पेट्यांतून फिरणारी पुस्तकं होतीच. १९३१ साली मद्रास प्रांतात मन्नारगुडीच्या परिसरात तर बैलगाडीवरून ग्रंथालय फिरू लागलं.

आपल्याला गाडी नको. एक पिशवी आणि एक ठरलेली दुपार एवढंच हवं. प्रत्येक ग्रंथालयाच्या जुन्या वह्यांत अशी नावं असतात, जी वीस-वीस वर्षं नियमित पुस्तक बदलत होती आणि मग एका महिन्यापासून एकदम दिसेनाशी झाली. गुडघे, डोळे, घरातलं आजारपण, जिना. ही माणसं वाचणं सोडत नाहीत, त्यांचं येणं सुटतं. ही नावं शोधून काढणं हे ग्रंथपालांचं एका दुपारचं काम आहे. मग शेजारचाच एखादा सभासद आपली पुस्तकं बदलायला येताना त्यांचीही घेऊन येऊ शकतो. अट एवढीच की पुस्तक निवडण्यापूर्वी त्यांना विचारायचं. म्हातारपणी सगळ्यांना अध्यात्मच वाचायचं असतं असं धरून चालणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. एका आजींना फक्त रहस्यकथा लागतात आणि मोठ्या टायपातल्या लागतात. दुसरं काही नेलं तर त्या ते न उघडता परत पाठवतात.

ज्यांना छापील अक्षर दिसतच नाही त्यांच्यासाठी कायद्याने एक मोठं दार उघडलं आहे. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला. अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा मोठ्या अक्षरांतली प्रत करायला स्वामित्वहक्काची आडकाठी येऊ नये, यासाठी हा करार आहे. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. म्हणजे आपल्या कुठल्या सभासदासाठी ग्रंथालयाने पुस्तक ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं तर त्यासाठी मार्ग आहे. तो कोणत्या रीतीने जातो हे या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना विचारून घ्या. शांत खोली, बरा मोबाइल आणि स्वच्छ वाचणारा आवाज, ही सामग्री कुठल्याही ग्रंथालयाकडे आहे.

उशिराच्या दंडाबद्दल थोडक्यात. दंडाच्या भीतीने पुस्तक परत येतं अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात दंड साचला की माणूस पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही, मुलं तर मुळीच नाहीत. शिकागो शहराने ऑक्टोबर २०१९ पासून उशिराचा दंड बंद केला, तेव्हा परत येणाऱ्या पुस्तकांचा ओघ वाढला. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये तेच केलं. निदान बालविभागाचा दंड आजच रद्द करा. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई घ्यायला कुणाची ना नाही.

आता ज्या एका उपक्रमाबद्दल मला मनापासून आस आहे, तो सांगते. छायाचित्रांचा दिवस. महिन्यातला एक दिवस लोकांनी घरातले जुने फोटो घेऊन यायचं. ग्रंथालयाने ते समोरासमोर स्कॅन करायचे, साधारण ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), आणि मूळ फोटो त्याच मिनिटाला परत द्यायचा. ‘ठेवून जा, नंतर देतो’ असं एकदाही म्हणायचं नाही. स्कॅन चालू असताना बाजूला बसलेल्या एकाने विचारत राहायचं : हे कोण, ही जागा कुठली, साधारण कधीचा, कुणी काढला? उत्तरं तिथल्या तिथे लिहायची. फोटो ग्रंथालयात दाखवायला परवानगी आहे का, हेही विचारून सही घ्यायची.

यात खरं मोल स्कॅनपेक्षा त्या विचारण्याला आहे. फोटो कागदावर टिकतो, पण त्यातली माणसं कोण हे सांगणारं माणूस एकच उरलेलं असतं. एकदा एका बाईंनी शाळेतल्या मुलींचा गटाचा फोटो आणला. त्यांना स्वतःचं आणि दोन मैत्रिणींचं नाव सांगता आलं. मागे रांगेत थांबलेल्या दुसऱ्या बाई वाकून बघायला लागल्या आणि त्यांनी मागची अख्खी ओळ सांगितली. त्यात त्यांची थोरली बहीण होती. त्या दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पुढे कितीतरी वेळ टेबल अडून राहिलं आणि कुणीही तक्रार केली नाही. असा ऐवज कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाकडे नसतो, तो विकतही मिळत नाही. लहान ग्रंथालयच तो जमवू शकतं, कारण माणसं तिथेच येतात.

याच जातीचा आणखी एक प्रयोग डेन्मार्कमध्ये २००० साली रॉस्किल्डे संगीत महोत्सवात सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला, त्याचं नाव ‘ह्यूमन लायब्ररी’. वाचकाने पुस्तकाऐवजी माणूस निवडायचा, अर्धा तास त्याच्याशी बोलायचं, मोकळे प्रश्न विचारायचे. ज्यांच्याबद्दल आपण न भेटताच मत बनवलेलं असतं अशी माणसं तिथे मुद्दाम ‘पुस्तक’ होतात. आपल्याकडे हे करताना व्यासपीठ नको, माईक नको, प्रास्ताविक नको. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा आणि त्यांना एकटं सोडा.

हे सगळं करायचं कुणी, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. ग्रंथपालांनी, आणि म्हणूनच सांगते की त्यांना मंडळाच्या बैठकीत फक्त जमा-खर्चाचे कागद द्यायला बोलावू नका. कोण काय वाचतं, कोण येईनासं झालं, कुठल्या पुस्तकाची सारखी मागणी होते, हे त्यांच्याइतकं तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. तरीही कार्यक्रम मंडळ ठरवतं आणि ग्रंथपाल खुर्च्या लावतात. त्यांना आठवड्यातले काही तास उपक्रमांसाठी मोकळे करून द्या, त्या वेळेत देवघेवीला दुसरं माणूस बसवा, आणि त्या कामाचा मोबदला द्या. आवड आहे म्हणून फुकट राबवून घेतलेला माणूस वर्षभराने आवड तरी सोडतो नाहीतर नोकरी. मदतीला येणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांनाही एखादं काम पक्कं सोपवा. ‘कधीही या, काहीही करा’ असं सांगितलं की कुणी येत नाही.

आणि मोजायची पद्धत बदला. सध्या अहवालात उपस्थिती लिहिली जाते. दोनशे आले, तीनशे आले. हा आकडा एका संध्याकाळचा असतो. त्याऐवजी प्रत्येक उपक्रमासमोर तीन रकाने आखा : आधीच्या वेळी आलेल्यांपैकी पुन्हा किती आले, त्या दिवशी किती पुस्तकं नेली गेली, त्या महिन्यात नवे सभासद किती झाले. गोष्टींच्या तासाला आठ मुलं आली आणि त्यातली सात पुढच्या आठवड्यातही आली, तर तो उपक्रम भरगच्च सभागृहापेक्षा जास्त कमावून गेला असं खुशाल लिहा. सुरुवातीचे काही आठवडे आकडे केविलवाणे दिसतील. पावसात एकच मूल येईल. त्या एका मुलासाठी तास घ्यायचा, कारण तास होतोच ही खात्री पालकांमध्ये पसरायला वेळ लागतो आणि एकदा रद्द झालेला तास ती खात्री मोडून टाकतो. माझ्या ओळखीतले बंद पडलेले बहुतेक उपक्रम माणसं कमी आली म्हणून बंद पडले नाहीत. दोन वेळा रद्द झाले, तिसऱ्या वेळी लोकांनी धरूनच ठेवलं की नसेल.

वर्धापनदिनाचं व्याख्यान ठेवाच, त्याची शान वेगळी आहे आणि चांगला वक्ता ऐकायला मलाही आवडतो. फक्त त्या दिवशी वक्त्यांच्या विषयावरची पुस्तकं दाराशी मांडा आणि देवघेव व्याख्यान संपल्यानंतर अर्धा तास तरी उघडी ठेवा.

मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर चार विषय घ्यावेत ही माझी मागणी आहे. गोष्टींच्या तासाचा वार आणि वेळ. अर्ज-मदतीचे दोन तास. घरपोच पुस्तकांसाठी येईनाशा झालेल्या सभासदांची यादी. आणि या तिन्हींसाठी ग्रंथपालांना लागणारा वेळ व मदतनीस. ठराव झाला की इतिवृत्ताची एक प्रत सूचनाफलकावर लावा, म्हणजे आम्हा वाचकांना आपापली नावं कामासमोर लिहिता येतील. गोष्टींच्या तासासमोर माझं नाव आत्ताच धरा.

आपली नम्र,
एक सभासद वाचक